धबधबा नंतर ठेवला

लंडनजवळच्या मेडनहेडच्या हाय स्ट्रीटपासून दोन वळणं आत, एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तीन टेबलं, एक केटल आणि भिंतभर आफ्रिकेचा नकाशा. इथून आम्ही लोकांना शिकारीला पाठवतो. हे वाक्य मी पहिली काही वर्षं कुणासमोर उच्चारलं नाही. नागपूरहून वडील फोनवर विचारायचे, "तू नेमकं करते काय तिथं?" तेव्हा मी सांगायचे की ट्रॅव्हलचं काम आहे, लोकांच्या सहली ठरवून देते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

नोकरी मिळाली तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, मुलगी शाळेत जायला लागली आणि दुपारी घरातली शांतता मला खायला उठायला लागली. लायब्ररीतल्या बोर्डावर चिठ्ठी दिसली, ट्रॅव्हल ऑफिसला अर्धवेळ माणूस हवा आहे. मालक साठीचा, हळू बोलणारा इंग्रज. त्याने कामाचं स्वरूप सांगितलं तशी मी पर्स उचलली. म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, जीव घ्यायचा नाही हे आमचं पहिलंच शील आहे, मला हे जमायचं नाही. तो रागावला नाही. थोडा वेळ नकाशाकडे बघत बसला आणि म्हणाला, "मग शिकारीच्या आधीचं आणि नंतरचं तुम्ही बघा. मधलं मी बघतो."

तेच माझं काम झालं. माणसं आठ-दहा दिवस शिकारीला जातात, पण एवढ्या लांब गेल्यावर त्यांना आणखी काही बघायचं असतं. काहींना आधी केपटाउनला तीन दिवस थांबून प्रवासाचा शीण घालवायचा असतो. काहींना शेवटी समुद्र हवा असतो, वाळूचे डोंगर हवे असतात, व्हिक्टोरिया फॉल्स हवा असतो. शिकार न करणारी बायको बरोबर असते, तिचाही विचार करावा लागतो. हॉटेलं, छोटी विमानं, होड्या, गाईड हे सगळं मी बघायचे. रायफली, परमिटं, कुठला प्राणी कुठे मिळेल हे मालक बघायचा. त्याच्या टेबलावरचा रायफलचा फॉर्म चुकून माझ्याकडे आला तर मी दोन बोटांनी उचलून परत ठेवायचे. तो हसायचा, पण त्याने मला कधी त्यावरून टोकलं नाही.

या व्यवस्थेचा मला अभिमान होता, हे आज कबूल करायला हवं.

ते जोडपं पहिल्यांदा आलं ते जानेवारीत. तो सत्तरीच्या पुढचा, निवृत्त सर्व्हेअर, उंच आणि गुडघ्यांनी थकलेला. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बोलू शकला नाही. बाई मात्र वर आल्या त्या थेट माझ्याकडे बघत, आणि मी त्यांना ओळखलं. गावच्या कौन्सिलच्या क्रीडासंकुलात त्या पोहायला शिकवायच्या. माझ्या मुलीने पाण्यात तोंड घालायला सहा आठवडे नकार दिला होता. या बाईंनी तिला टाकीच्या काठावर बसवून दर वेळी नुसत्या गप्पा मारल्या, आणि सातव्या आठवड्यात पोरगी आपणहून पाण्यात गेली. मी त्यांना ते सांगितलं. त्यांना मुलगी आठवली नाही, पण त्या म्हणाल्या, "पाण्याला घाबरणारीच पुढे चांगली पोहतात." आणि मग विचारलं, "अजून पोहते का ती?" पोहत नव्हती. मी म्हटलं, हो, पोहते.

त्याला नामिबियात कुडू मारायचा होता. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं, राखाडी हरीण. याआधी तो दोनदा एकटा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा ते हातून निसटलं होतं. गुडघे असे असताना ही शेवटचीच खेप, हे त्याने स्वतःच सांगितलं. रायफल वडिलांची होती आणि तीच न्यायची होती. तिथे भाड्याने मिळते हे मालकाने सुचवलं, तर त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. बाई या खेपेला पहिल्यांदाच बरोबर जात होत्या, आणि त्यांची अट एकच होती. त्यांना व्हिक्टोरिया फॉल्स बघायचा होता. "चाळीस वर्षं पंचवीस मीटरच्या टाकीत काढली मी," त्या म्हणाल्या. "क्लोरीनच्या वासात. एकदा तरी मोठं पाणी बघू दे."

नवऱ्याने लगेच ठरवून टाकलं. आधी काम, मग आराम. लंडनहून जोहान्सबर्ग, तिथून विंडहूक, आठ दिवस रानातल्या कॅम्पवर. मग परत जोहान्सबर्गला येऊन रायफल तिथे ठेवायची आणि चार दिवस धबधब्यावर. जोहान्सबर्गच्या एअरपोर्टजवळ एक माणूस होता, जो परवानगीचे कागद आधी पाठवले की रायफली कुलपात सांभाळून ठेवायचा. आमचे बरेच क्लायंट असंच करायचे, कारण दुसऱ्या देशात हत्यार न्यायचं म्हणजे आणखी एक परमिट. एवढं मला कानावर पडून पडून माहीत होतं. मी माझं काम केलं. धबधब्याचा आवाज खोलीपर्यंत येईल असं हॉटेल शोधलं. मेच्या शेवटी जायचं होतं आणि जूनमध्ये तिथे पाणी भरपूर असतं, म्हणून मला मनापासून बरं वाटलं होतं.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. दुपारची वेळ होती आणि मालक नामिबियातच गेला होता, दोन आठवड्यांसाठी. बाईंनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग विचारलं, धबधबा आधी घेता येईल का? मी म्हटलं, म्हणजे शिकारीच्या आधी? त्या म्हणाल्या, "हो. हल्ली मी लवकर दमते. दुपारनंतर काही राहत नाही अंगात. आठ दिवस त्या कॅम्पवर बसून मग मला कितपत चालवेल कोण जाणे. अंगात ताकद आहे तोवर पाणी बघून घेतलं तर बरं." आणि घाईघाईने पुढे म्हणाल्या, "मी फोन केला हे त्याला कळायला नको. तो उगाच काळजी करेल आणि सगळंच रद्द करून टाकेल. तुम्ही तिकडूनच काहीतरी सुचवा. विमानाचं किंवा पाण्याचं कारण द्या."

माझ्या बाजूचं काम सोपं होतं. हॉटेलचं बुकिंग आठ-नऊ दिवस अलीकडे सरकवायचं, विमानं बदलायची. मी स्क्रीनवर बघितलंही, जागा होत्या. प्रश्न रायफलचा होता. तिचे कागद तयार होते, त्यावर तारखा होत्या, आणि त्याच आठवड्यात ते पाठवायचे होते. तारखा बदलायच्या तर तीन फॉर्म नव्याने भरायला लागणार होते. त्यात रायफलचा नंबर, गोळ्यांची संख्या आणि कशासाठी नेताय त्याचं उत्तर लिहायचं होतं. मालक रानात होता, त्याचा फोन लागत नव्हता. म्हणजे ते मला करावं लागलं असतं.

मी म्हटलं, "आता रायफलमुळे जरा अवघड आहे."

मग त्या म्हणाल्या, "अच्छा. रायफल. ते लक्षातच आलं नाही माझ्या." आणि मलाच धीर दिल्यासारखं म्हणाल्या, काही हरकत नाही, नंतर तर नंतर, विश्रांती घेईन कॅम्पवर. मुलीला हॅलो सांगा म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि चहा केला. खोटं बोलले असं तेव्हा वाटलं नाही. उलट, एक गोष्ट आपण पाळली असं वाटलं.

मालक परत आल्यावर मी त्याला सांगितलं नाही. बाईंनी गुप्त ठेवायला सांगितलं होतं, हे कारण मी मनाशी धरलं.

मेच्या शेवटी ते गेले. निघायच्या आधी बाई प्रवासाच्या कागदांचं फोल्डर न्यायला आल्या तेव्हा जिन्यात दोनदा थांबल्या. मी वरून बघत होते. मी खाली जाऊन फोल्डर द्यायला हवं होतं, पण त्या हात वर करून हसल्या, येते येते म्हणाल्या, आणि मी वरच थांबले. फोल्डर उघडून त्यांनी शेवटचं पान आधी बघितलं. हॉटेलचा फोटो बघून म्हणाल्या, "रेनकोट लागेल ना?" मी म्हटलं, लागेलच, जूनमध्ये चिंब व्हाल. त्यांना ते फार आवडलं.

कॅम्पवरून चौथ्या दिवशी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. व्हरांड्यातून काढलेला फोटो होता. समोर एक पाणवठा, मातकट, आणि काठावर सुळेवालं रानडुक्कर गुडघे टेकून पाणी पितंय. खाली लिहिलं होतं, "इथेही थोडं पाणी आहे, माझ्या लहान मुलांच्या टाकीएवढं. हा विद्यार्थी रोज वेळेवर येतो." मी हसले आणि उत्तर दिलं की आता चारच दिवस, मग मोठं पाणी. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

दोन दिवसांनी सकाळी मी ऑफिसला पोचले तेव्हा मालक उभ्याने फोनवर बोलत होता. माझ्याकडे बघून त्याने खुर्ची पुढे ओढली, मला बसवण्यासाठी. आदल्या सकाळी कॅम्प चालवणाऱ्या बाईंना त्या व्हरांड्यात खुर्चीतच पडलेल्या सापडल्या होत्या. श्वास लागला होता. नवरा शिकारीवर होता, डोंगरापलीकडे, रेडिओ लागत नव्हता. त्याची वाट न बघता त्यांना गाडीत घालून विंडहूकच्या हॉस्पिटलला नेलं होतं, खडीच्या रस्त्याने तीन तास. हृदयाचा त्रास होता आणि तो बऱ्याच महिन्यांपासून होता, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर त्या दोनच दिवस जगल्या. शेवटी शुद्धीवर नव्हत्या.

माणूस परदेशात गेला की त्याच्या मागे किती कागद लागतात हे मला तेव्हा कळलं. मी फॉल्सचं हॉटेल रद्द केलं, तिथली छोटी विमानं रद्द केली. हॉटेलच्या बाईने परत लिहिलं की फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आम्ही खोलीत फुलं ठेवायची ठरवली होती. मी तसं काही मागितलं नव्हतं, त्यांनी आपणहून ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मालक शवपेटीच्या विमानासाठी हीथ्रोला गेला होता, आणि वाटेतून त्याचा फोन आला. म्हातारा आज रात्रीच्याच विमानाने पेटीबरोबर निघतोय, जोहान्सबर्गला रायफलच्या तारखा जुळत नाहीत, तिथे त्याला अडवतील. कागद नव्याने करायला हवेत आणि तासाभरात पाठवायला हवेत. "तुम्हाला सांगायला नको वाटतं," तो म्हणाला, "पण दुसरं कुणी नाहीये."

मी त्याच्या टेबलावर बसले. तीन फॉर्म होते. रायफलचा नंबर जुन्या कागदावरून उतरवला. गोळ्या किती नेल्या, किती उरल्या, ते लिहिलं. जोहान्सबर्गच्या त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, तारखाच बदलायच्या आहेत ना, पाठवा, मी बघतो. मग मी घड्याळाकडे बघितलं. चाळीस मिनिटं लागली होती.

मार्चमध्येही तेवढीच लागली असती.

अंत्यविधीला मी गेले नाही. मालक गेला. मी घरी सांगितलं की ऑफिसमध्ये कुणीतरी हवं म्हणून थांबले. मुलीला मी बरेच दिवस काही सांगितलं नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या पिवळ्या टोपीवाल्या? त्यांनी मला डक्सची गोष्ट सांगितलेला." तिचं मराठी असंच आहे. मी एरवी सुधारते, त्या दिवशी सुधारलं नाही.

सप्टेंबरात एका मंगळवारी बाईंचा नवरा न कळवता आला. मालक दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. पायऱ्यांवर पावलं इतक्या सावकाश वाजत होती की मला तो कोण हे दार उघडण्याआधीच कळलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. त्याच्या हातात तेच फोल्डर होतं. मी चहा केला. त्याने तो घेतला नाही, पण कप दोन्ही हातांत धरून बसला.

बायकोची बॅग त्याने इतके दिवस उघडली नव्हती, असं त्याने सांगितलं. परवा उघडली. फोल्डर वरच होतं. त्याने ते माझ्यासमोर उघडलं आणि शेवटचं पान काढलं. पुन्हा पुन्हा उघडून ते पान मऊ पडलं होतं. कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: रेनकोट दोन. दुर्बीण. आणि खाली, त्याचे गुडघे, हॉटेलकडे व्हीलचेअर आहे का विचारणे, त्याला सांगू नये.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "हे आधी करता आलं असतं का? शिकारीच्या आधी?"

नाही असं मी म्हणू शकले असते. तो शब्द अगदी ओठांवर होता. तो सुटला असता, घरी गेला असता, त्याला रात्री झोप लागली असती. त्यालाच मी करुणा म्हणाले असते. पण त्या शब्दाने मीही सुटणार होते, आणि त्यातलं किती त्याच्यासाठी आणि किती माझ्यासाठी हे मला सांगता येईना.

"हो," मी म्हटलं. "जमलं असतं. रायफल जोहान्सबर्गला ठेवायची होतीच. फक्त तारखा बदलायच्या होत्या."

त्याने मान हलवली. मग मी मार्चमधल्या फोनचं सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, त्याला कळू नये असं का म्हणाल्या, मी काय उत्तर दिलं. आणि का दिलं तेही. रायफलच्या कागदांना मला हात लावायचा नव्हता, म्हणून. माझा आवाज नीट राहिला, याचं नंतर मला आश्चर्य वाटलं.

खाली चष्म्याच्या दुकानाची घंटी दोनदा वाजली.

"तुम्ही मला फोन केला असतात तर," तो म्हणाला आणि थांबला. "तर मी काय केलं असतं, देव जाणे. तिने मलाही विचारलं होतं, फेब्रुवारीत. एकदाच. मी भांडी पुसत होतो. मी म्हटलं, रायफलचं अवघड होईल. मला काही माहीत नव्हतं अवघड होतं की सोपं. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

म्हणजे आम्हा दोघांनी त्यांना एकच उत्तर दिलं होतं. त्यांनी ते आधी स्वयंपाकघरात ऐकलं, मग माझ्याकडून फोनवर, आणि तरी मला ‘लक्षातच आलं नाही’ म्हणाल्या.

त्यानंतर त्याने बाई कोसळल्या त्या दिवसाचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कुडू त्याला त्याच सकाळी मिळाला होता. तीन तास माग काढत गेले, शेवटचा चढ तो गाईडच्या खांद्यावर हात ठेवून चढला, आणि एका गोळीत काम झालं. शिंगं मोजली, फोटो काढले. दुपारी गाडीत मागे ते जनावर घालून कॅम्पकडे येताना तो गाईडला सांगत होता की आज ती व्हरांड्यात असेल, तिला आधी दाखवू. फाटकापासून हॉर्न वाजवत आले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. कॅम्पवरची माणसं एका बाजूला उभी होती आणि कुणीच पुढे येईना. "मला वाटलं, त्यांना जनावर बघायचंय," तो म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, या ना, बघा."

हे सांगताना तो रडला नाही. कप खाली ठेवला, रुमाल काढून नुसताच हातात धरला.

जाताना त्याने विचारलं की ते चार दिवसांचं बुकिंग पुन्हा होईल का, एकट्याचं. मी सांगितलं की होईल, पण आता तिकडे कोरडा हंगाम चालू आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी फार कमी असतं, काही भागात तर नुसता कडा दिसतो. वसंतापर्यंत थांबलात तर बरं. तो म्हणाला, "मी आता काहीच नंतरवर ठेवत नाही." मी लगेच बुक केलं. व्हीलचेअरचं हॉटेलला लिहिलं. त्याला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात आमच्या लोकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम लेस्टरला होता. बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये दरवर्षी जमतो आम्ही. नागपूरचे, पुण्याचे, इथेच जन्मलेले. आम्ही गाडीने गेलो. सगळ्यांबरोबर उभं राहून पंचशील म्हणताना पहिली ओळ मी नुसतीच ऐकली. जेवणाच्या वेळी मी एका ताईंना हे सगळं सांगितलं. त्या निवृत्त मिडवाइफ आहेत, मूळच्या नागपूरच्याच, आणि मला लहान बहिणीसारखं वागवतात. त्यांनी ताटातला भात संपवेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील की तू तुझं शील पाळलंस, तुझा दोष नाही. त्या म्हणाल्या, "तू बंदूक टाळली की त्या बाईला टाळलं?"

मला राग आला. परत येताना एम वन हायवेवर ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो होतो आणि मी पूर्ण वेळ मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. घरी पोचेपर्यंत एकही टिकलं नाही.

सोमवारी मी मालकाला सांगितलं की यापुढे तो नसेल तेव्हा रायफलचे कागद मी करीन. त्याने का विचारलं नाही. कप्प्याची दुसरी चावी काढून दिली. तेव्हापासून मी ते करते. हे बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एखादा फॉर्म भरताना ‘कशासाठी’ या रकान्यात ‘शिकार’ असं लिहिताना हात थांबतो. तरी लिहिते. वडिलांनाही मी शेवटी खरं काम सांगितलं. त्यांनी इकडे थंडी किती आहे ते विचारलं.

म्हातारा नोव्हेंबरच्या सुरुवातीला धबधब्यावर जाऊन आला. आल्यावर पुन्हा ऑफिसात आला, फोनमधले फोटो दाखवायला. लांबच लांब काळा कडा, खाली खोल दरी, आणि पार टोकाला पांढऱ्या पाण्याची एक पट्टी. तिथला गाईड सारखा माफी मागत होता, असं त्याने सांगितलं. साहेब, जूनमध्ये यायला हवं होतं तुम्ही, जूनमध्ये इथे उभं राहवत नाही इतकं पाणी उडतं. त्याने गाईडला काही सांगितलं नाही. रोज सकाळी तो व्हीलचेअरमधून कड्यासमोरच्या बाकापर्यंत जायचा आणि ऊन चढेपर्यंत बसायचा. दोघांचे रेनकोट बरोबर नेले होते. लागले नाहीत.

"आवाज मात्र येत होता," तो म्हणाला. "लांबून. पाणी दिसत नव्हतं, पण आवाज होता." मग फोन खिशात घालून म्हणाला, "तिने मला यावरूनही बोलून घेतलं असतं."

त्यानंतर हिवाळाभर त्याचे अधूनमधून फोन यायचे. नॉर्वेला जहाजं कधीपासून सुरू होतात? आइसलंडला गुडघे गेलेल्या माणसाला जमेल का? मी सगळं शोधून व्यवस्थित सांगायचे, विमानाच्या वेळा, हॉटेलं, लिफ्ट आहे की नाही. त्याने त्यातलं काहीच बुक केलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही की जायचंय का खरंच. एकदा त्याने नुसतंच विचारलं, मुलगी पोहते का अजून. या वेळी मी खरं सांगितलं. नाही, म्हटलं, सोडलं तिने. "शनिवारी जा म्हणावं," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी पाणी गरम असतं." तेवढं बोलून फोन ठेवला.

मार्चपासून त्याचा फोन आला नाही. मालकाकडून कळलं की त्याने रायफल पोलिसांकडे जमा केली, घर विकायला काढलं आणि साउथहॅम्प्टनजवळ धाकट्या भावाकडे राहायला गेला. कुडूची शिंगं कस्टम्समधून सुटून आली तेव्हा त्याने ती घेतली नाहीत. ती काही महिने आमच्या मागच्या खोलीत खोक्यात पडून होती, मग मालकाने कुठेतरी पाठवून दिली.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा काढला, पण फोन अजून केलेला नाही. बोलायला सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही.